च, क की श?

सोमवारची सकाळची मीटिंग. टीममधली एक मुलगी प्रेझेंटेशन देत होती. आकडे तोंडपाठ, मुद्दे चोख. तिसऱ्या स्लाइडवर ती म्हणाली, ‘‘रिलीजच्या आठवड्यात आपल्याकडे टोटल चाओस असतो.’’ मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. कुणीतरी मोठ्याने ‘केऑस, केऑस’ म्हणालं. झालं! उरलेल्या स्लाइड्स तिने मान खाली घालून वाचून टाकल्या. मुद्दा तिचाच बरोबर होता, पण तो कुणाच्या कानात शिरलाच नाही.

म्हणून या आठवड्याचं अक्षर ‘सी’. त्यातही ‘सी’ आणि ‘एच’ची जोडगोळी. ही जोडी कधी ‘च’ म्हणते, कधी ‘क’, तर कधी ‘श’. कुठे काय म्हणायचं हे घोकत बसू नका. शब्दाला त्याचं गाव विचारा.

घरचे शब्द ‘च’वाले. चाइल्ड, चिन, चिकन. इथे कुणी चुकत नाही.

ग्रीसहून आलेले शब्द ‘क’वाले. ग्रीकमध्ये या उच्चारासाठी एक वेगळं अक्षर होतं, रोमन लोकांनी ते ‘सी-एच’ असं लिहिलं. केऑस म्हणजे गोंधळ. मुळात अर्थ अथांग पोकळी. क्रॉनिक म्हणजे जुनाट. कमीलिअन म्हणजे रंग बदलणारा सरडा, आणि मूळ ग्रीक अर्थ चक्क ‘जमिनीवरचा सिंह’! (अप्रेझलच्या दिवसांत असे सिंह प्रत्येक मजल्यावर दिसतात.) समूहगान करणाऱ्यांचा ‘सी-एच-ओ-आय-आर’ मात्र क्वायर. त्याचं स्पेलिंग ‘क्यू’ने सुरू व्हायचं, पुढे कोरस या शब्दाशी नातं दाखवायला ते बदललं. उच्चार जागचा हलला नाही.

फ्रान्सहून उशिरा आलेले शब्द ‘श’वाले. ‘सी-एच-आय-सी’ म्हणजे शीक, अर्थ झोकदार, स्टायलिश. ‘यू लुक चिक’ म्हणालात तर समोरचीला कोंबडीचं पिल्लू आठवेल. गाडीचा सांगाडा तो शॅसी, मग आरसी बुक घेऊन रांगेत उभे असताना आपण सगळे ‘चॅसिस नंबर’ का म्हणेनात. आणि शोफर म्हणजे साहेबांचा ड्रायव्हर. मूळ फ्रेंच अर्थ इंजिनची भट्टी पेटती ठेवणारा.

‘उशिरा आलेले’ का म्हटलं? कारण जुन्या फ्रेंचमध्येही ‘सी-एच’चा उच्चार ‘च’च होता. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर चेअर, चेंज, चीफ असे शब्द त्या जुन्या उच्चारानिशी इंग्रजीत शिरले. पुढे फ्रेंचांनी आपल्या ‘च’चा ‘श’ केला, आणि नंतरचे पाहुणे ‘श’ घेऊन आले. म्हणजे चीफ आणि शेफ सख्खी भावंडं. दोघांचाही अर्थ प्रमुख. एकाची केबिन, दुसऱ्याचं किचन.

हसण्याआधी आपलंही घर बघू या. ‘चंद्र’मधला च आणि ‘चांदणं’मधला च एकच आहे का? लिहितो सारखा, म्हणतो वेगळा, आणि नियम विचारला तर डोकं खाजवतो. ऑफिसातला अमराठी मित्र ‘चमचा’ म्हणताना अडखळला, तर आपण त्याला बावळट ठरवत नाही. तो शिकतोय म्हणून कौतुकच करतो.

आता खरी गंमत. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाला आजीसुद्धा केमिस्टच म्हणते, चेमिस्ट नाही. कारण तो शब्द तिच्यापर्यंत कानाने आला. चाओस म्हणणाऱ्या मुलीकडे तो शब्द डोळ्यांनी आला, पुस्तकातून. घरात कुणी इंग्रजी बोलत नसताना तिने तो एकटीने वाचला, अर्थ लावला आणि योग्य जागी वापरला. उच्चार चुकला, हे खरं. पण ती चूक वाचणाऱ्या माणसाची आहे.

उपाय सोपा. मोबाइलमधल्या डिक्शनरीत शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबा. दोनदा ऐका, तीनदा मोठ्याने म्हणा. आणि दुसऱ्याची चूक सुधारायचीच असेल, तर कॉफी मशीनपाशी, हळू आवाजात.

त्या दिवशी लंचनंतर खसखसवाल्यांपैकीच एक जण तिच्या डेस्कपाशी आला. ‘‘अगं, तुझं पेज जुनंच दिसतंय. कॅशे क्लिअर कर.’’ आता बघा, ‘सी-ए-सी-एच-ई’चा उच्चार कॅश, अगदी पैशांच्या कॅशसारखा. अर्थ, लपवून ठेवलेला साठा. शेवटी ‘टी’ लावला की होतं कॅशे, आणि त्याचा अर्थ मान, प्रतिष्ठा. म्हणजे हे महाशय तिला प्रतिष्ठा पुसून टाक असं सांगत होते. ते काम तर त्यांनी सकाळीच केलं होतं!

ती हसली नाही. ‘करते’ म्हणाली आणि केलं.

पुढच्या आठवड्यात ‘पी’. शब्दाच्या तोंडाशी बसून तोंड न उघडणारा. तोवर, बोलत राहा!