तलवाड्याची अफवा विसरू नका!

नरपड, चिखले, डहाणू, तलासरीच्या बंधू-भगिनींनो,

१० ऑक्टोबर १९४५. ‘किसान सभेच्या नेत्या गोदावरीबाई परुळेकरांची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला जमा,’ असा सांगावा पाड्यापाड्यांवर फिरला. सभा नव्हतीच! सांगावा जमीनदारांनी पेरला होता. इकडे वारल्यांना बोलावले, तिकडे पोलिसांना कळवले की आदिवासी दंगा करायला जमलेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले.

हा उपद्व्याप कशासाठी? त्याच वर्षी मे महिन्यात किसान सभेच्या झरी परिषदेत वारल्यांनी ठरवले होते : वेठ नाही, लग्नाच्या कर्जापायी राबणारा लग्नगडी नाही, बारा आण्यांखाली मजुरी नाही. पुढे गवत कापणीसाठी मागणी झाली : पाचशे पौंडांना अडीच रुपये. ‘आम्हाला मजुरी द्यायची नाही,’ असे उघड म्हणायला जमीनदारांना तोंड नव्हते. मग ‘शांतता धोक्यात’ आली. फुकट राबवून घेणारे सभ्य ठरले, दाम मागणारे दंगेखोर! पुढे परुळेकर दांपत्यालाच ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले.

आज अफवेची जागा जाहिरातीने घेतली आहे. डहाणूच्या किनाऱ्यावरचे वाढवण बंदर ७६,२२० कोटींचे, त्यातून १२ लाख रोजगार, असे सांगतात. शंका काढणारा लगेच ‘विकासविरोधी’. १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने याच वाढवणला बंदर नाकारले होते. तेव्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष न्या. धर्माधिकारीही विकासविरोधी होते काय? २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. किनारा तोच आहे. मग बदलले काय, ते आम्हाला सांगा!

बंदर हवे की नको, यावर गावात दोन मते असू द्या. पण हिशेब सगळ्यांनी मागा :

• १२ लाखांत डहाणू-तलासरीची मुले किती? कायम नोकरीवर की ठेकेदाराकडे?
• समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडल्यावर किती मांगेले-कोळ्यांचा धंदा बुडणार? त्यांना भरपाई काय?
• बंदरालगतच्या जमिनी आजवर कोणी घेतल्या?

ज्याचा फायदा सर्वांत मोठा, त्याचाच आवाज सर्वांत मोठा असतो. तो फायदा ‘राष्ट्रहित’ म्हणून सांगितला जातो आणि आपले नुकसान ‘त्याग’ म्हणून.

आपला मुलूख पाचव्या अनुसूचीतला आहे, ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू आहे. ग्रामसभेला या. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, उत्तरे मराठीत आणि लेखी मागा.

लेखी उत्तर नाही, तर सही नाही, अंगठाही नाही!

— नरपडचे काही ग्रामस्थ