अँटिमनी : सुरम्यातले खनिज, बाजारातली टंचाई

चीनने १५ सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनीच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि ३ डिसेंबरला अमेरिकेला होणारी निर्यात पूर्ण थांबवली. त्या वर्षाच्या सुरुवातीला टनाला १२ हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव वर्षअखेर तिपटीवर गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेवरची बंदी २७ नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित झाली. परवान्याची अट मात्र कायम आहे. वडोदऱ्यातील आपल्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ रसायने, प्लास्टिक, केबल यांच्या कारखान्यांवर चालतो. तेव्हा हा विषय आपल्यालाही दूरचा नाही.

अँटिमनीचे नाव अपरिचित वाटले, तरी त्याचे मुख्य खनिज स्टिब्नाइट सुरम्यासाठी पूर्वापार वापरात आहे. (आज बाजारात मिळणाऱ्या सुरम्यात अनेकदा शिसे आढळते, लहान मुलांच्या डोळ्यांत तो घालू नये.) अणुक्रमांक ५१ असलेले हे चंदेरी मूलद्रव्य धातू आणि अधातू यांच्या सीमेवरचे. सुमारे ६३१ अंश सेल्सिअसला ते वितळते. एकटे असताना इतके ठिसूळ की हातोडीखाली त्याचा चुरा होतो. पण मऊ शिशात थोडे मिसळले की शिसे कडक होते. छापखान्यातले खिळे शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातूनच ओतले जात. हे मिश्रण थंड होताना फारसे आकसत नाही, त्यामुळे अक्षराची कड नेमकी उतरते. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी मराठी-संस्कृत ग्रंथ घरोघर पोहोचवले, ते अशाच खिळ्यांच्या बळावर.

खिळे गेले, पण गरज वाढली. इन्व्हर्टरच्या बॅटरीतील शिशाच्या जाळ्या, बंदुकीच्या गोळ्या, रात्री पाहण्याच्या उपकरणांतील अवरक्त संवेदक, सौर पॅनेलची काच या सगळ्यांत अँटिमनी लागते. त्याचे ऑक्साइड केबलच्या आवरणात आणि प्लास्टिकमध्ये आग पसरू नये म्हणून घालतात; पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिस्टर धागा बनवताना तेच उत्प्रेरक असते. प्रत्येक ठिकाणी ते थोडेच लागते, पण ते नसले की काम अडते.

जगात खाणीतून निघणाऱ्या अँटिमनीपैकी निम्म्याच्या आसपास चीनमधून येते. हुनान प्रांतातील शीक्वांगशान हा तिथला सर्वांत नावाजलेला साठा. त्यानंतर ताजिकिस्तान. पण चीनची खरी पकड शुद्धीकरणावर आहे, कारण इतर देशांतले खनिजही मोठ्या प्रमाणात तिथल्याच भट्ट्यांत जाते. अमेरिकेत आयडाहोमधील स्टिब्नाइटच्या खाणीने दुसऱ्या महायुद्धात त्या देशाची मोठी गरज भागवली होती. ती पुन्हा सुरू करण्याला २०२५ मध्ये संघराज्य सरकारची मंजुरी मिळाली. तरी नुसती खाण उघडून भागणार नाही. तिच्या जोडीला भट्टी हवी.

आपल्या खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. इंग्रजी वर्णानुक्रमे तिच्यात पहिले नाव अँटिमनीचे आहे. हिमाचलात लाहौल-स्पितीमधील बारा शिगरी हिमनदीच्या परिसरात ते आढळते. पण इतक्या उंचीवर, बर्फात खाण चालवणे सोपे नाही. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खनिज मोहिमेची फळे दिसायलाही वेळ लागेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टाकाऊ वस्तूंतून अशी खनिजे परत मिळवण्यासाठी केंद्राने १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आम्हाला हा मार्ग अधिक जवळचा वाटतो.

कारण यात आपलाही वाटा आहे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारात गेली की पुष्कळदा ती उघड्यावर फोडून वितळवतात. शिशाचा धूर वस्तीतल्या मुलांच्या अंगात जातो आणि अँटिमनीही नीट हाती लागत नाही. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे द्यावी आणि पावती मागावी. भंगारवाला शंभर-दोनशे रुपये जास्त देत असला, तरीही.