फ्यूज वाढवू नका, बिघाड शोधा

गाडीत नवा ॲम्प्लिफायर येतो, डिकीत वूफर बसतो, काही दिवस गाणी दणक्यात वाजतात आणि एके दिवशी सगळे गप्प होते. फ्यूज उडालेला असतो. फिटर नवा घालतो, तोही उडतो. मग ३० अँपिअरच्या जागी ६० चा फ्यूज बसतो आणि ‘आता नाही उडणार’ अशी खात्री दिली जाते. तो खरेच उडत नाही. मालक समाधानाने पैसे देऊन निघतो, पण आता ती गाडी आधीपेक्षा धोकादायक झालेली असते. हा प्रकार इतका सर्रास चालतो, की त्यात कोणाला काही गैर वाटेनासे झाले आहे.

बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्याच्यावर वायरची राखण सोपवलेली असते. ही वायर बॉनेटमधून पत्र्याच्या भोकातून आत येते, कार्पेटखालून, सीटच्या पट्ट्यांशेजारून डिकीत जाते. वाटेत तिचे आवरण कुठे सोलले आणि तांबे बॉडीला टेकले, तर कारची साधी बॅटरीदेखील शेकडो अँपिअरचा प्रवाह त्यातून ढकलू शकते. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी असते आणि ॲम्प्लिफायर तिच्या शेजारीच स्क्रूने आवळलेला असतो. तिथे वायर तापून जळू देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. म्हणूनच मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा आणि त्याचा आकडा वायरच्या जाडीला झेपेल असाच हवा.

गोंधळाची सुरुवात खोक्यावरच्या आकड्यापासून होते. ‘३००० वॉट’ असे ठळक छापलेल्या ॲम्प्लिफायरवर ३० अँपिअरचे दोनच फ्यूज असतील, तर हिशेब सोपा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. ६० गुणिले १४ म्हणजे ८४० वॉट आत जाणार. त्यातले जुन्या ‘एबी’ वर्गाच्या यंत्रातून फार तर ५०० आणि ‘डी’ वर्गाच्या यंत्रातून ७०० वॉटच्या आसपास बाहेर पडतील. ग्राहकाने पाहायचा तो ‘आरएमएस’चा आकडा, म्हणजे यंत्र सलग देऊ शकेल ती ताकद.

वायरीतही फसवणूक होते. स्वस्त किटमधली वायर बऱ्याचदा तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या दोनतृतीयांशापेक्षाही कमी. एखादी तार ब्लेडने खरवडून पाहावी. लालसर थराखाली चंदेरी धातू दिसला, की त्या वायरच्या पाकिटावरचा गेज विश्वासाचा राहिला नाही.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: फ्यूज नेमका केव्हा उडतो?

सिस्टिम बंद असतानाही फ्यूज घालताक्षणी उडत असेल, तर वायर ॲम्प्लिफायरच्या टोकाला सोडवावी, टोकाला टेप गुंडाळावी आणि पुन्हा फ्यूज घालावा. तरीही उडाला तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकली आहे. नाही उडाला तर दोष यंत्रात. बॅटरी बदलताना किंवा दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करताना धन-ऋण उलटे लागले असेल, तर आतला संरक्षक डायोड शॉर्ट झालेला सापडतो.

सिस्टिम सुरू करताच फ्यूज जात असेल, तर स्पीकरच्या आणि आरसीएच्या सगळ्या वायरी काढून पाहावे. तरीही गेला, तर आतले मॉसफेट किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर जळालेले असण्याची शक्यता मोठी. फक्त आवाज वाढवल्यावर जात असेल, तर मल्टिमीटरने वूफरचे ओहम मोजावेत. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, आणि ब्रिज जोडणीत प्रत्येक चॅनेलवर त्याच्या निम्मा, म्हणजे १ ओहमचा भार येतो. बहुतेक चार चॅनेलच्या यंत्रांना तो सोसत नाही. आणि खड्ड्यात गाडी आदळली की फ्यूज जात असेल, तर वायर जिथून पत्र्यातून आत येते तिथला रबरी ग्रोमेट आधी तपासावा. आपल्या पावसाळ्यात सीटखालच्या ॲम्प्लिफायरपर्यंत पाणी पोहोचते, हेही विसरू नये.

उडालेला फ्यूज स्वतःही बरेच सांगतो. तो फेकू नये, उजेडात धरावा. आतली पट्टी स्फोट झाल्यासारखी नाहीशी होऊन प्लॅस्टिक काळवंडले असेल, तर थेट शॉर्ट आहे. पट्टी मधोमध अलगद वितळली असेल आणि प्लॅस्टिक स्वच्छ असेल, तर तो हळूहळू वाढलेल्या भाराचा बळी. ब्लेड फ्यूज क्षमतेच्या १३५ टक्के भार कित्येक मिनिटे सोसू शकतो, म्हणून तो दोन गाणी झाल्यावर जातो. फ्यूजच्या पायांजवळचे प्लॅस्टिक वितळलेले दिसले, तर होल्डरच ढिला आहे.

एकामागून एक फ्यूज जाळण्यापेक्षा जुन्या मेकॅनिकांची युक्ती चांगली: फ्यूजच्या जागी हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब सीरिजमध्ये जोडायचा. क्षणभर उजळून मंदावला, तर आतले कपॅसिटर चार्ज झाले, एवढेच. भगभगत पेटलेलाच राहिला, तर शॉर्ट नक्की. खर्च नाही आणि आणखी काही जळायची भीतीही कमी.

यंत्र आतून गेले असले तरी ते भंगारात टाकायची घाई नको. त्यातले मॉसफेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीच्या परिसरात सुटे मिळतात. कुशल कारागीर ते बदलताना ड्रायव्हर सर्किट आणि हीटसिंकवरचा अभ्रकाचा पापुद्राही तपासतो, नाहीतर नवे मॉसफेटही पहिल्या झटक्यात जातात. अशा कारागिराला तासाभराच्या तपासणीचे वेगळे पैसे मागावे लागतात आणि ग्राहक तिथेच घासाघीस करतो. फिटरने फुकटात मोठा फ्यूज घातला की मात्र त्याला चांगला म्हणतो. चूक दोन्हीकडची आहे. पण बारा व्होल्टचा धंदा करणाऱ्याला वायर का जळते हे माहीत असते, म्हणून जबाबदारी त्याची मोठी.

ॲक्सेसरी विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने बिलावर तीन गोष्टी लिहून द्यायला हव्यात: ॲम्प्लिफायरची आरएमएस ताकद, वायरचा गेज व धातू आणि मुख्य फ्यूजचे अँपिअर. गाडीसोबत कंपनीकडून न आलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंची विमा पॉलिसीत वेगळी नोंद करावी लागते. तेव्हाही हा कागद कामाला येईल. आणि ज्यांच्या गाडीत आधीच ॲम्प्लिफायर आहे, त्यांनी येत्या रविवारी बॉनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज पाहावा. तिथे वायरला झेपेल त्यापेक्षा मोठा आकडा असेल, फ्यूजऐवजी तार गुंडाळलेली असेल किंवा फ्यूजच नसेल, तर वायर बॅटरीपासून सोडवून ठेवावी आणि दुरुस्ती होईपर्यंत गाणी बंद ठेवावीत.