कशेळीच्या गोदामांपलीकडचा ठेवा

१/ कशेळी म्हटले की ठाणे-भिवंडी मार्ग, खाडीपूल आणि गोदामांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. याच भिवंडी तालुक्यात लोणाडची बौद्ध लेणी, प्राचीन शिवमंदिर आणि चौधरपाड्याचा शिलालेख आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

२/ चौधरपाड्याचा लेख शिलाहार राजा केशिदेवाचा, शके ११६१ चा. उघड्यावरच्या शिळेची अक्षरे पावसाने झिजतात. बेवारस शिळा एखाद्या भरावातही गडप होते. मग त्या राजाची, त्या दानाची साक्ष कोण देणार? ग्रंथच.

३/ १८८२ साली ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचा स्थळवर्णनाचा चौदावा खंड निघाला. पंडित भगवानलाल इंद्रजींच्या संशोधनाचा त्याला मोठा आधार होता. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख वाचन-भाषांतरासह एकत्र केले. तो खंड १९७७ चा.

४/ वारसाभ्रमंतीची छायाचित्रे आपण हौसेने टाकतो. त्यांत शिळा दिसते, पण तिच्यावर काय लिहिले आहे ते समजत नाही. ते समजण्यासाठी हे खंड उघडावेच लागतात.

५/ अडचण अशी, की दोन्ही खंड इंग्रजीत आणि जाडजूड. गावापर्यंत ते पोचत नाहीत. म्हणून माझे म्हणणे एवढेच : आपल्या परिसराची चार पाने सोप्या मराठीत उतरवा आणि शाळेत, ग्रामपंचायतीत ठेवा. शिळेचा अर्थ ज्या गावाला ठाऊक आहे, ते गाव जेसीबी आल्यावर निदान हटकेल तरी.