कंड्या पिकविणारे मंदीवाले

कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो, अशी कंडी 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी पिकविली आणि राज्यभरातील कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. बारामती-इंदापूरच्या शेडमालकांना हे वेगळे सांगायला नको. तयार झालेला पक्षी विकला नाही तर रोज खाद्य खातो. म्हणून मिळेल त्या भावाला तो द्यावा लागतो. शासनाचे खुलासे आले, पण भाव कोसळल्यावर. अफवा आणि खुलासा यांच्यामधल्या याच अवधीत शेअर बाजारातील काही मंडळी आपली पोळी भाजून घेतात.

त्यांची रीत सोपी आहे. स्वतःजवळ नसलेला शेअर आज 500 रुपयांना विकायचा, भाव पडला की 400 ला विकत घेऊन देणे चुकते करायचे, मधले 100 रुपये खिशात. याला शॉर्ट सेलिंग म्हणतात आणि ते करणाऱ्यांना मंदीवाले. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. फुगविलेल्या कंपनीचे पितळ उघडे पाडणारा मंदीवाला बाजारावर उपकारच करतो. तेजीवाल्यांच्या थापांनी बुडालेली घरे काय थोडी आहेत? परंतु भाव पडण्याची वाट न पाहता जो खोटी बातमी सोडून तो पाडतो, त्याला व्यापारी कसे म्हणावे?

सप्टेंबर 2008 आठवा. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली आणि पाठोपाठ आयसीआयसीआय बँकही बुडणार, अशा वावड्या उठल्या. एटीएमसमोर रांगा लागल्या, शेअर घसरला. वस्तुस्थिती काय होती? बँकेच्या ब्रिटनमधील उपकंपनीकडे लेहमनचे सुमारे 5 कोटी 70 लाख युरोंचे रोखे होते. त्या उपकंपनीच्या एकूण मालमत्तेच्या एक टक्क्याहूनही कमी. सत्याचा एवढा कण पुरला! अखेर 30 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला निवेदन काढून बँक भक्कम असल्याचा निर्वाळा द्यावा लागला. संशयाची सुई मंदीवाल्यांकडे वळली, आणि तिथेच थांबली.

त्याच महिन्यात अमेरिका आणि ब्रिटन यांनी वित्तीय कंपन्यांच्या शेअरमधील शॉर्ट सेलिंगवर तात्पुरती बंदी घातली. आपल्याकडे परदेशी वित्तसंस्था भारताबाहेर आपापसांत शेअर उसने देत होत्या आणि त्या विक्रीचा ताण येथील बाजारावर येत होता. त्यावर ऑक्टोबरमध्ये सेबीने काय केले? नापसंती व्यक्त केली!

कायद्याची वानवा नाही. खोट्या माहितीने भाव फिरविणाऱ्याला 25 कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत अधिक असेल तेवढ्या दंडाची तरतूद 2002 मध्येच झाली. पण अफवा उठविणारा सापडला तर ना! 2024 पासून मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांवर आणखी एक बंधन आले. अफवेने भाव लक्षणीय हलला की 24 तासांत ती खरी की खोटी हे सांगायचे. नियम चांगला आहे. मात्र धावाधाव ज्याच्या घरी चोरी झाली त्यानेच करायची, हे विचित्र नव्हे काय?

आपला शेअर बाजाराशी संबंध नाही, असे बारामती औद्योगिक वसाहतीतील कामगाराने मानू नये. भविष्य निर्वाह निधीची काही रक्कम ऑगस्ट 2015 पासून ईटीएफमार्फत शेअरमध्ये जाते आहे. त्याच्या निधीला अशा घसरणीतून सावरायला वर्षे मिळतात. पण ऊसबिलातून शिल्लक टाकून शेअर घेणारा इंदापूरचा शेतकरी मोबाईलवरची अफवा वाचून भीतीने तोट्यात विकतो आणि तो तोटा कायमचा होतो. त्याचा शेअर स्वस्तात उचलणारा, कदाचित, तोच असतो ज्याने आदल्या दिवशी विकून ठेवलेले असते.

कोणत्या ग्राहकाने केव्हा विकले, याची नोंद शेअर बाजाराच्या संगणकात असते. तेव्हा अफवा खोटी ठरताच सेबीने ती उठण्यापूर्वीच्या आठवडाभरात मोठी शॉर्ट विक्री कोणी केली हे तपासावे, आणि बातमी सोडणाऱ्याशी ज्यांचा संबंध सिद्ध होईल, त्यांची नावे दंडाच्या रकमेसह वृत्तपत्रांतून छापावीत.