चाकांवरचे घर आणि परिग्रहाचे परिमाण

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या पश्चिम सीमेजवळ, वाळवंटात, क्वार्ट्झसाइट नावाचे एक छोटे गाव आहे. त्याची कायमची वस्ती जेमतेम अडीच हजारांची. उन्हाळ्यात तेथील तापमान 45 अंशांपर्यंत चढते आणि दुपारच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. नोव्हेंबर उजाडला की मात्र उत्तरेकडून गाड्यांची रीघ लागते. मिनेसोटा, डकोटा, मोंटाना अशा थंड राज्यांतून, तसेच कॅनडाच्या सस्कॅचेवान व अल्बर्टा या प्रांतांतून निवृत्त दांपत्ये आपापली चाकांवरची घरे घेऊन येथे उतरतात. त्यांच्या गावी घराच्या दारात बर्फाचे ढीग साचलेले असतात. इथे दुपारी कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसता येते. थंडीत दक्षिणेकडे जाणाऱ्या पक्ष्यांवरून या लोकांना तिकडे ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, असे नाव पडले आहे.

गावाभोवतीची पुष्कळशी जमीन केंद्र सरकारची आहे. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असे सात महिने परवाना घेऊन तेथे मुक्काम करण्याची व्यवस्था 1983 पासून चालू आहे. जमिनीला कुंपण नाही, वीज नाही, नळ नाही. पाणी भरण्याची व सांडपाणी रिकामे करण्याची सोय काही ठराविक ठिकाणी असते. बाकी सारे ज्याने त्याने आपल्याबरोबर आणावयाचे आणि जाताना आपल्याबरोबर न्यावयाचे. हे ‘आपल्याबरोबर’ म्हणजे नेमके किती, हा प्रश्न येथे प्रत्येक दांपत्याला पडतो. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचा, परिग्रह-परिमाणाचा, प्रश्नही हाच आहे.

‘आरव्ही’ या नावाने ओळखले जाणारे हे वाहन म्हणजे मुंबईतील एका खोलीएवढे घर. त्यात पलंग, शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर, कपड्यांचे कपाट सर्व काही असते, पण प्रत्येक वस्तूची जागा मोजलेली असते. वाहनावर कारखान्याने एक पट्टी लावलेली असते. प्रवासी, सामान, पाणी आणि इंधन धरून एकूण किती वजन चालेल, तो आकडा तिच्यावर कोरलेला असतो. शहाणे प्रवासी लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी मालवाहू ट्रकांच्या वजनकाट्यावर आपले घर उभे करतात. आयुष्यभर काट्यावर मालाच्या गाड्या तोलून घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे दृश्य गमतीचे वाटेल, कारण येथे काट्यावर माल नसून माणसाचा संसार उभा असतो. काटा भीड ठेवत नाही. वजन जास्त भरले तर टायर तापतात, उतारावर ब्रेक धरत नाहीत. मग पुस्तकांची पेटी, बिडाचे जड तवे, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेली हत्यारे खाली उतरू लागतात. नवी वस्तू आत आली तर एक जुनी बाहेर गेली पाहिजे, हा बहुतेकांचा घरगुती कायदा असतो.

पाण्याचा हिशेब त्याहून सूक्ष्म आहे. 200 लिटर पाण्याचे वजन 200 किलो होते; म्हणून टाकी काठोकाठ भरून धावणे परवडत नाही. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी असते आणि ती भरली की स्वच्छ पाणी शिल्लक असूनही नळ बंद ठेवावा लागतो. त्यामुळे अंग ओले करायचे, नळ बंद करून साबण लावायचा आणि मग थोडक्या पाण्यात आंघोळ उरकायची, ही सवय आपोआप लागते. वीज छतावरच्या सौरपट्ट्यांतून येते. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून सूर्य असेतो कामे आटोपून घेण्याकडे कल असतो. पाणी गाळून व बेताने वापरण्याचा, सूर्यास्तापूर्वी जेवून घेण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांना ही दिनचर्या परकी वाटणार नाही.

तरीही या जीवनाला अपरिग्रह म्हणणे घाईचे ठरेल. मोठे आरव्ही वाहन एका लिटर इंधनात तीन-चार किलोमीटरच जाते, आणि त्याची किंमत कित्येकांच्या घराएवढी असते. शिवाय अनेकांचे मूळ घर, तळघर आणि तळघरातील सामान उत्तरेत जसेच्या तसे कुलूपबंद असते. काहीजण तर न मावलेल्या वस्तूंसाठी गाळा भाड्याने घेऊन वर्षानुवर्षे त्याचे भाडे भरतात. तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटले आहे, हे येथे ध्यानात येते. वजनकाटा गाडीतील सामान मोजतो, मन कोठे गुंतले आहे ते मोजत नाही. लोखंडी पट्टीने घातलेली मर्यादा वाहनापुरतीच असते. व्रताची मर्यादा स्वतः विचारपूर्वक घातलेली असते, म्हणून ती गाडीतून उतरल्यावरही टिकते. दोहोंतील हे अंतर ठेवूनच या प्रवाशांकडून काही घेण्यासारखे आहे का, ते पाहावे.

घेण्यासारखी पहिली गोष्ट पाण्यावर दिसते. क्वार्ट्झसाइटच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर लेक हवासू सिटी हे शहर आहे. पार्कर धरणाने कोलोरॅडो नदी अडवली आणि हे सरोवर तयार झाले. लॉस एंजेलिस आणि फिनिक्स या महानगरांच्या परिसरांना येथून कालव्यांनी पाणी जाते. या शहरात लंडनचा जुना पूल उभा आहे. रॉबर्ट मॅककलॉक या उद्योगपतीने 1968 मध्ये तो 24 लाख 60 हजार डॉलरना विकत घेतला, दगडांना क्रमांक घालून समुद्रापार आणला, आणि 1971 मध्ये वाळवंटात त्याचे उद्घाटन झाले. नव्या शहरातील जमिनीला गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागचा व्यापारी हिशेब होता आणि तो फळलाही. आज त्याच पुलाच्या कमानीखालून हिमपक्षी दांपत्ये हवा भरून फुगवलेल्या, घडी घातली की पिशवीत मावणाऱ्या नावा वल्हवत जातात.

या छोट्या नावांची खरी सहल मात्र शहराच्या वर, टोपॉक घळीत होते. तांबूस कड्यांमधून वाहणारा नदीचा हा टप्पा सुमारे 25 ते 27 किलोमीटरांचा आहे आणि पाण्याच्या ओढीवर तो एका दिवसात पार होतो. दोन्ही तीरांवर वन्यजीव अभयारण्य आहे. कड्यांवर वळलेल्या शिंगांचे रानमेंढे दिसतात, पाण्यावर पाणडुब्या पक्ष्यांचे थवे असतात, आणि एके ठिकाणी खडकावर आदिवासींनी प्राचीन काळी कोरलेल्या आकृत्या आहेत. नदीवर मासे धरण्यासाठी येणारेही पुष्कळ; पण वल्हे मारणाऱ्यांच्या अनेक टोळ्या दुर्बिणीखेरीज दुसरे साधन जवळ बाळगत नाहीत. नावेला यंत्र नसते, धूर नसतो, आवाज नसतो. एखादा बगळा हातभर अंतरावरून बघतो आणि न उडता उभा राहतो.

ही सहल एकट्या दांपत्याला सहज करता येत नाही, आणि तिचे मर्म तेथेच आहे. नदी एकाच दिशेने वाहते. सकाळी गाडी वरच्या घाटावर ठेवून नाव सोडली, तर संध्याकाळी माणसे खालच्या घाटावर आणि गाडी वरच्या घाटावर, अशी स्थिती होते. म्हणून किमान दोन कुटुंबे लागतात. पहाटे एक गाडी खाली नेऊन ठेवायची, दुसऱ्या गाडीतून सर्वांनी वर यायचे, संध्याकाळी क्रम उलटा करायचा. निघण्यापूर्वी तळावर राहणाऱ्या एखाद्या मित्राकडे कागद दिला जातो. त्यावर किती नावा, किती माणसे, कोणता मार्ग, किती वाजेपर्यंत परत, हे लिहिलेले असते. ठरलेली वेळ टळली तर तो मित्र शोध सुरू करतो. प्रत्येकाकडे तरंगजाकीट असते, कारण हिवाळ्यातील नदीचे पाणी चांगला पोहणाराही फार वेळ सोसू शकत नाही. दुपारी सरोवराच्या उघड्या भागात वारा सुटतो, म्हणून निघणे लवकर. आणि सर्वांत महत्त्वाचा संकेत असा की, टोळीची गती सर्वांत संथ वल्हवणाऱ्याच्या गतीएवढी ठेवायची. पायी यात्रासंघातही वृद्धांकडे पाहूनच पाऊल टाकले जाते. सामान कमी केल्यावर मोकळी झालेली जागा या लोकांनी कशाने भरली, याचे उत्तर या घाटावर मिळते. ती त्यांनी परस्परांच्या विश्वासाने भरली आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पुष्कळ दांपत्यांत प्रचंड वाहन पती चालवतो आणि पत्नी शेजारी बसते. वाटेत, गावापासून दूर, पतीच्या छातीत कळ आली तर? त्या घटकेला गाडी हलवणे, वायूची कळ बंद करणे, विम्याचे कागद काढणे यांपैकी काहीच तिला येत नसेल, तर तिचे घर तिच्याच पायातली बेडी होते. म्हणून अनुभवी प्रवासी नवख्यांना एकच सल्ला पुनःपुन्हा देतात. दोघांनाही सर्व आले पाहिजे, आणि ते संकटापूर्वी आले पाहिजे. रिकाम्या मैदानात वाहन चालवण्याची शिकवणी घेणाऱ्या साठी-पासष्टीच्या स्त्रिया तिकडे विरळ नाहीत.

व्यापारी घरांनी येथे थांबून विचार करावा. कोणत्या पेढीकडे किती येणे आहे, ठेवी कोठे आहेत, विमा कोणत्या नावाने आहे, कोणाला तोंडी शब्द दिला आहे, हे पतीच्या मृत्यूनंतर मुनीमजींकडून समजून घेणाऱ्या भगिनी आपल्या समाजात थोड्या आहेत काय? चाळीस वर्षे ज्या स्त्रीने घर, पाहुणे, पर्युषणातील पारणी आणि मुनिराजांच्या आहाराची व्यवस्था निर्दोषपणे सांभाळली, तिला चोपडी समजणार नाही असे मानण्याला आधार कोणता? परिग्रहाचे परिमाण करायचे तर आधी परिग्रह दोघांनाही ठाऊक हवा. जे एकालाच ठाऊक आहे, त्याची मर्यादा दोघे मिळून कशी ठरवणार?

तिसरी गोष्ट किल्लीची. प्रत्येक हिमपक्ष्याच्या आयुष्यात असा हिवाळा येतो, की नजर, गुडघे किंवा स्मरण साथ देत नाही आणि वाहनाची किल्ली खाली ठेवावी लागते. ज्यांनी मूळ घर विकून टाकले असते, त्यांचा पेच मोठा असतो. 1978 मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने ‘एस्केपीज’ ही आरव्ही-प्रवाशांची संघटना सुरू केली. टेक्सास राज्यातील लिव्हिंग्स्टन येथे तिचे केंद्र आहे. वार्धक्यामुळे अथवा आजारामुळे ज्यांना यापुढे प्रवास शक्य नाही, त्यांनी आपले वाहन तेथे कायमचे उभे करावे आणि त्याच आपल्या घरात राहावे, अशी सोय या संस्थेच्या आधाराने त्या तळावर झाली आहे. जेवण मिळते, दवाखान्यात ने-आण होते, दिवसा देखभाल होते. चाके थांबतात, पण घर सुटत नाही आणि सोबतीही सुटत नाहीत. प्रवासातल्या माणसांनी आपल्याच थांबण्याची तजवीज आपण होऊन करून ठेवली, ही त्यातली शिकवण.

आपल्याकडे किल्ली गल्ल्याची असते. सत्तरी ओलांडली तरी ती कमरेची सुटत नाही. मुलगा पन्नाशीला येतो आणि तरी प्रत्येक खरेदीसाठी वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. पुढे एके दिवशी आजारपण किल्ली काढून घेते. तेव्हा ती दिली जात नाही, हिसकावली जाते. देण्यात गोडवा असतो, हिसकावण्यात दोन्ही पिढ्यांना व्रण राहतो. आचार्यांनी श्रावकाला धन, धान्य, वास्तू, क्षेत्र, सोने, भांडी अशी यादी करून मर्यादा घालण्यास सांगितले, आणि दिग्व्रतात जाण्यायेण्याच्या दिशाही बांधून घेण्यास सांगितले. हात-पाय चालत असताना, बुद्धी सावध असताना घेतलेला नियमच व्रत होतो. शरीराने लादलेला नियम ही केवळ लाचारी.

यासाठी घर विकून चाकांवर राहायला जाण्याचे कारण नाही. चातुर्मासाच्या प्रारंभी अनेक कुटुंबांत नियम घेतले जातात. त्याच दिवशी पती-पत्नींनी एक वही घेऊन बसावे. घरात काय आहे, कोठे आहे, त्यातील काय गेल्या वर्षात हातीही धरले नाही, हे लिहावे. पेढीवरील कोणते काम यंदा मुलाकडे किंवा सुनेकडे सोपवायचे, तेही लिहावे. आणि शेवटच्या पानावर अशा दोन कुटुंबांची नावे लिहावीत, ज्यांच्याकडे ‘आम्ही अमुक वेळेपर्यंत परतलो नाही तर शोध घ्या’ असा कागद निःसंकोच ठेवता येईल. पहिल्या पानांवरील यादी लांबलचक निघेल. शेवटचे पान कोरे राहिले, तर मात्र घरात काय कमी आहे, ते कळून येईल.