कोरड्या विहिरीची हमी

जयपूर-दिल्ली महामार्गावरील कोटपुतलीजवळच्या एका गावात २३ डिसेंबर २०२४ रोजी तीन वर्षांची बालिका उघड्या कूपनलिकेत पडली. दहाव्या दिवशी, १ जानेवारी २०२५ रोजी, तिला बाहेर काढण्यात आले. तेव्हा ती हयात नव्हती. त्याच डिसेंबरात दौसा जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा अशाच रीतीने दगावला होता.

नियम नव्हते असे नाही. खोदाईपूर्वी पंधरा दिवस प्रशासनास कळवावे, खोदाई करणाऱ्याची नोंदणी असावी, निकामी विहीर तळापासून जमिनीपर्यंत माती-वाळू-दगडांनी भरावी, अशा सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच दिल्या आहेत. मग विहिरीचे तोंड उघडे का राहते? राजस्थानात जमिनीत मुरते त्याहून अधिक पाणी उपसले जाते. विहिरी खोल जातात आणि कोरड्या पडतात. शेतकऱ्याचा पैसा अगोदरच बुडालेला असतो. महागडा केसिंग पाइप तो अन्यत्र वापरण्यासाठी काढून घेतो. खोदाईची गाडी केव्हाच पुढच्या गावी गेलेली असते. विहीर बुजविण्यात कोणाचाच आर्थिक लाभ नसतो.

अशा ठिकाणी उपदेशापेक्षा हमी उपयोगी पडते. खाण सोडताना जमीन पूर्ववत करावी म्हणून आपल्या खाण नियमांत आर्थिक हमीची तरतूद आहे. अमेरिकेत सरकारी जमिनीवर भूगर्भातील उष्णतेसाठी विहीर खोदणाऱ्यास आधी हमीपत्र द्यावे लागते. पाण्याच्या विहिरीसही हाच न्याय लावावयास हवा.

ही हमी शेतकऱ्याकडून मागू नये. तो आधीच कर्जात असतो. ती नोंदणीकृत खोदाई व्यावसायिकाकडून घ्यावी, आणि प्रत्येक विहिरीसाठी स्वतंत्र न घेता वर्षभराच्या सर्व कामांसाठी एकच बँक हमी घ्यावी. विहीर झाकल्याचा अथवा बुजविल्याचा दाखला मिळेपर्यंत तिचे दायित्व कायम राहावे. कसूर झाल्यास जिल्हा प्रशासनाने हमीची रक्कम वसूल करून तीच विहीर बुजवावी. बुजविण्याचा थोडाफार खर्च व्यावसायिक आपल्या दरात धरील हे खरे. परंतु दहा दिवसांच्या बचावकार्यापुढे तो नगण्यच ठरेल.

बँकांनाही येथे कर्तव्य आहे. विहिरीसाठी कर्ज देताना अखेरचा हप्ता या दाखल्यानंतरच द्यावा. पाणी लागो वा न लागो, विहिरीचे तोंड बंद झाल्याशिवाय कर्जाची कागदपत्रे पूर्ण झाली असे आपण मानू नये.